कोणती माहिती सगळ्यांची, कोणती आपापली?
देखभाल-सॉफ्टवेअरमधील एका जुन्या वादाचा आढावा

६२०५ हे बॉल बेअरिंग पंपात, मोटारीत, पंख्यात, कन्व्हेयरच्या रोलरमध्ये असे सगळीकडे सापडते. आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५. बनवणारी कंपनी कोणतीही असो, ही मापे ठरलेली आहेत. तरीही चार-पाच कारखाने असलेल्या उद्योगसमूहाच्या स्टोअरची यादी काढली, तर हेच बेअरिंग एका कारखान्यात ‘बेअरिंग ६२०५’, दुसऱ्यात ‘बॉल बेअरिंग २५ आयडी’ आणि तिसऱ्यात थेट मोटार बनवणाऱ्याच्या पार्ट नंबरने नोंदलेले असणे नेहमीचेच. मग एका ठिकाणचा साठा संपला की घाईघाईत चढ्या भावाने खरेदी होते आणि त्याच वेळी दुसऱ्या कारखान्याच्या रॅकवर तेच बेअरिंग धूळ खात पडलेले असते.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे साऱ्या समूहाची एकच यादी. पण यादी एक झाली की पुढचे प्रश्न उभे राहतात. नवी नोंद कोण करणार? एका कारखान्याने वर्णन बदलले, तर दुसऱ्याच्या खरेदीवर होणारा परिणाम कोण तपासणार? आणि सुट्या भागांची यादी सामायिक ठेवायची, तर बिघाडाचे कोड, कामांचे आराखडे, पुरवठादार, कारागिरांचे दर यांचे काय? मोठ्या उद्योगांच्या देखभाल-सॉफ्टवेअरमध्ये हा वाद दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. तो आज कुठवर आला आहे, हे येथे पाहायचे आहे. मुख्य उदाहरण आयबीएमच्या मॅक्सिमोचे घेतले आहे, कारण माहितीच्या पातळ्या त्यात उघडपणे मांडलेल्या आहेत. सॅप, पीपलसॉफ्ट आणि पूर्वी इन्फॉरकडे असलेली ईएएम (उद्योगाच्या मालमत्तेचे व्यवस्थापन) प्रणाली तुलनेला येतील.

पार्श्वभूमी

देखभालीचे संगणकीकरण सुरू झाले ते कारखान्याच्या पातळीवर. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९६८ साली स्थापन झालेल्या प्रोजेक्ट सॉफ्टवेअर अँड डेव्हलपमेंट या कंपनीने १९८५ मध्ये मॅक्सिमो बाजारात आणले. त्या काळी एक कारखाना, एक डेटाबेस हेच गृहीत असे. मेंटेनन्स खात्याने कोड ठरवावेत आणि स्टोअरने ते वापरावेत. शेजारच्या युनिटशी ताळमेळ घालण्याचा प्रसंगच येत नसे.

१९९२ मध्ये सॅपचे आर/३ आले आणि हिशेब, खरेदी, साठा व देखभाल एका छताखाली आली. सन २००० च्या तारखांच्या धास्तीने अनेक कंपन्यांनी जुन्या प्रणाली मोडीत काढल्या. पाठोपाठ ब्राउझरवर चालणारी सॉफ्टवेअरे आली आणि दहा कारखान्यांसाठी एकच मध्यवर्ती सर्व्हर चालवणे शक्य झाले. मॅक्सिमोच्या पाचव्या आवृत्तीत ‘ऑर्गनायझेशन’ आणि ‘साइट’ या पातळ्या आल्या त्या याच टप्प्यावर.

विक्रेत्यांचेही एकत्रीकरण होत गेले. जानेवारी २००५ मध्ये ओरॅकलने पीपलसॉफ्ट घेतली. २००६ मध्ये आयबीएमने मॅक्सिमोची मालक कंपनी घेतली, तिचे नाव तोवर एमआरओ सॉफ्टवेअर झाले होते. त्याच वर्षी इन्फॉरने डेटास्ट्रीम ही देखभाल-सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतली आणि २०२१ मध्ये इन्फॉरची ईएएम प्रणाली हेक्सागॉनकडे गेली. नावे बदलली, पण माहितीच्या पातळ्यांचे मूळ आराखडे बव्हंशी तसेच राहिले. म्हणून पंचवीस वर्षांपूर्वीचे निर्णय आजच्या चर्चेतही डोकावतात.

चार प्रणाली, चार उत्तरे

मॅक्सिमोमध्ये ढोबळमानाने चार पातळ्या आहेत. सर्वांत वर संपूर्ण सिस्टिम, तिथे व्यक्ती आणि युजर असतात. तिच्याखाली सेट. सेट दोन प्रकारचे, एक आयटमचा आणि एक पुरवठादार कंपन्यांचा. त्याखाली ऑर्गनायझेशन, म्हणजे बहुधा हिशेबाचे स्वतंत्र पुस्तक ठेवणारे युनिट. मूळ चलन, खात्यांची रचना, कारागिरांचे प्रकार आणि बिघाडाचे कोड या पातळीवर असतात. शेवटी साइट, म्हणजे प्रत्यक्ष कारखाना. यंत्रे, जागा, वर्क ऑर्डर, नियमित देखभालीचे (पीएम) वेळापत्रक आणि स्टोअर हे सारे साइटचे. एका ऑर्गनायझेशनला एकच आयटम सेट जोडता येतो, पण एक सेट अनेक ऑर्गनायझेशन वापरू शकतात. ६२०५ ची ओळख सेटमध्ये एकदाच होते. ते कोणत्या रॅकवर आहे, किती उरले की मागवायचे, हे मात्र प्रत्येक स्टोअर स्वतः ठरवते.

सॅपमध्ये ही विभागणी एकाच मटेरियल मास्टरच्या आत आहे. वर्णन आणि मूळ एकक साऱ्या क्लायंटला, म्हणजे साऱ्या समूहाला, समान, तर साठ्याचे नियोजन प्लांटनुसार. बिघाडाचे कॅटलॉग क्लायंटच्या पातळीवर, म्हणजे सर्वांना सामायिक, आणि वर्क सेंटर प्लांटचे. एक नियोजन-प्लांट अनेक देखभाल-प्लांटांचे काम पाहू शकतो, त्यामुळे मध्यवर्ती नियोजनाची सोय मुळातच आहे.

पीपलसॉफ्टने पातळ्यांची उतरंड न ठेवता जोडण्यांचा तक्ता ठेवला. तेथे याद्यांचे गट करतात, प्रत्येक यादीवर ‘सेट आयडी’ असतो आणि कोणत्या बिझनेस युनिटने कोणत्या गटासाठी कोणता सेट आयडी वापरायचा हे एका नियंत्रण-तक्त्यात नोंदतात. त्यामुळे एखादे युनिट पुरवठादार साऱ्या समूहाचे वापरू शकते आणि आपल्या कामाच्या काही याद्या वेगळ्या ठेवू शकते. लवचिकता मोठी, पण वर्षभराने हा तक्ता पाहून कोण काय वापरते आहे हे सांगणे नव्या माणसाला जड जाते.

इन्फॉरच्या, म्हणजे आताच्या हेक्सागॉनच्या, प्रणालीतील उत्तर सर्वांत सुटसुटीत आहे. तारांकनाच्या चिन्हाने ओळखली जाणारी एक सामायिक संस्था असते. तिच्यात केलेली नोंद सर्वांना वापरता येते, बाकीची त्या त्या संस्थेपुरती. मधली पातळी नसल्याने गोंधळ कमी. पण ‘फक्त आमच्या तीन सिमेंट कारखान्यांपुरते सामायिक’ असे काही हवे असेल, तर अडचण येते.

चारही प्रणालींनी सामायिकतेला जागा दिली आहे. त्या जागेचा आकार मात्र प्रत्येकीचा वेगळा आहे आणि सल्लागारांमधले बरेचसे मतभेद आपण कोणत्या प्रणालीत वाढलो यावरूनही ठरतात.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका एकीकरणाची. समूहात एकच आयटम सेट, एकच पुरवठादार यादी आणि बिघाडाची एकच वर्गवारी असावी, असे ही मंडळी म्हणतात. एका यादीमुळे समूहाची खरेदी एकत्र करून भाव पाडून घेता येतो. एका कारखान्यातला जादा साठा दुसऱ्याला दिसतो. एकाच बनावटीचे पंप कुठे जास्त बिघडतात याची तुलना होते. मॅक्सिमोपुरता आणखी एक मुद्दा आहे. दोन ऑर्गनायझेशनमध्ये माल हलवायचा असेल, तर दोघांचा आयटम सेट एकच असावा लागतो. सेट वेगळे ठेवले की ती वाट बंद होते.

दुसरी भूमिका स्वायत्ततेची. वीज केंद्र, खाण आणि औषध कारखाना एकाच मालकाचे असले, तरी त्यांचे सुटे भाग, जोखमी आणि नियामक वेगळे. औषध कारखान्यात एखाद्या नोंदीतला बदलही तपासणीच्या चौकटीतून जावा लागतो, खाणीत तेवढी गरज नसते. सर्वांना एका यादीत कोंबले, तर सर्वांत कडक नियम सर्वांना लागू होतात किंवा सर्वांत ढिले नियम सर्वत्र पसरतात. शिवाय रात्रपाळीत यंत्र बंद पडलेले असताना नवा कोड मिळवायला मुख्य कार्यालयाची वाट पाहावी लागली, तर लोक कोडाविनाच खरेदी करतात आणि ती नोंद कुठल्याच यादीत येत नाही.

तिसरी भूमिका मधली. केंद्राने साचा द्यावा, कारखान्याने त्यात भर घालावी. नावे ठेवण्याचे नियम, वर्गवारी आणि ठळक कोड केंद्राचे, तर साठ्याच्या मर्यादा, कामाचा तपशील आणि स्थानिक पुरवठादार कारखान्याचे. बहुतेक मोठे प्रकल्प कागदावर हाच मार्ग स्वीकारतात. आक्षेप असा, की ‘भर’ कुठे संपते आणि ‘बदल’ कुठे सुरू होतो याची रेघ कुणी आखत नाही. दोन-तीन वर्षांत साचा नावापुरता उरतो.

तीन कसोट्या

वाद तत्त्वाचा वाटला, तरी त्याचा कस लागतो तो प्रत्यक्ष याद्यांवर. तीन याद्या जवळून पाहू.

पहिली यादी सुट्या भागांची. पुन्हा ६२०५ घेऊ. त्याच्यापुढे ‘२झेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे असतात, ‘२आरएस’ असेल तर रबरी सील. रबरी सील धूळ अधिक अडवते, पण घर्षणामुळे वेगाची मर्यादा कमी होते. ‘सी३’ असेल तर आतली फट नेहमीपेक्षा जास्त, तापणाऱ्या मोटारींत असे बेअरिंग लागते. आता तीन कारखान्यांच्या याद्या एकत्र करताना ज्याने वर्णनातून शेवटची अक्षरे गाळली, त्याने तीन वेगळ्या वस्तू एका कोडाखाली आणल्या. दुहेरी नोंदी काढण्याचा उत्साह इथे अंगाशी येतो. उलट, प्रत्येक उत्पादकाच्या नावाने वेगळा कोड ठेवला, तर एकमेकांच्या जागी चालणारी बेअरिंगे परकी होऊन बसतात.

म्हणून नाम आधी, विशेषण नंतर अशी ठरावीक वर्णनपद्धत वापरतात. बेअरिंग, बॉल, एक-ओळी, मग मापे, मग सील, मग फट. ही रीत लष्करी भांडार-व्यवस्थेत जुनी आहे. नाटोच्या तेरा अंकी साठा-क्रमांकामागेही असेच ठरलेले नाव असते. खर्चाच्या विश्लेषणासाठी १९९८ मध्ये तयार झालेली यूएनएसपीएससी ही वस्तूंची आठ अंकी वर्गवारीही वापरतात. पण तिने वस्तूची जात कळते, दोन वस्तू एकमेकींच्या जागी बसतील की नाही हे कळत नाही. या यादीबाबत आज बऱ्यापैकी एकमत आहे. ओळख सामायिक, साठ्याचे निर्णय स्थानिक. मतभेद उरतो तो इतकाच, की पूर्णपणे वेगळ्या धंद्यांना दुसरा सेट द्यावा की एकाच सेटमध्ये वर्गवारीने वेगळे काढावे.

दुसरी यादी बिघाडाच्या कोडांची. इथे पेच अधिक आहे. मॅक्सिमोत बिघाडाचा वर्ग, समस्या, कारण आणि उपाय अशी साखळी असते. तेल आणि वायू क्षेत्रासाठी आयएसओ १४२२४ हे मानक १९९९ मध्ये आले आणि २००६ व २०१६ मध्ये सुधारले गेले. त्याची मुळे १९८१ मध्ये नॉर्वेत सुरू झालेल्या ओरेडा या विश्वासार्हता-माहितीच्या प्रकल्पात आहेत. या मानकात उद्योगापासून सुट्या भागापर्यंत नऊ पातळ्या आहेत आणि बिघाडाच्या प्रकारांना तीन अक्षरी कोड आहेत. बाहेर गळणारा द्रव प्रक्रियेतला असेल तर ‘ईएलपी’, वंगण किंवा थंड करणाऱ्या पाण्यासारखा सहायक असेल तर ‘ईएलयू’, कंपनाला ‘व्हीआयबी’.

एकीकरणवादी म्हणतात, मानक तयार आहे, ते घ्या. विरोधकांचे म्हणणे असे, की फिटरला दुरुस्तीनंतर पाच मिनिटांत नोंद संपवायची असते. शंभर कोडांची यादी उघडली की तो ओळखीचा पहिला कोड किंवा ‘इतर’ निवडतो. कारखान्याने स्वतः केलेली दहा कोडांची यादी निदान खरी भरली जाते. शिवाय मानकातील बिघाडाचा प्रकार, त्यामागची यंत्रणा आणि मूळ कारण हा भेद मॅक्सिमोच्या साखळीत जसाच्या तसा बसत नाही, कुठेतरी दोन गोष्टी एका रकान्यात जातात. त्यातच मॅक्सिमोमध्ये हे कोड ऑर्गनायझेशनच्या पातळीवर असल्याने दोन ऑर्गनायझेशन असलेल्या समूहाला तेच कोड दोनदा सांभाळावे लागतात. सॅपमध्ये कॅटलॉग एकच असतो आणि कोणत्या यंत्राला कोणते कोड दिसावेत हे कॅटलॉग प्रोफाइलने आवरता येते. यादी लांब, पण समोर येणारा तुकडा छोटा, हा तोडगा आज दोन्ही बाजूंना मान्य होत चालला आहे.

तिसरी यादी जॉब प्लॅनची. पंपाच्या तपासणीत कोणत्या पायऱ्या, किती माणसे, कोणती हत्यारे, हे त्यात असते. मॅक्सिमोत जॉब प्लॅन साऱ्या सिस्टिमसाठी, एका ऑर्गनायझेशनसाठी किंवा एका साइटसाठी करता येतो. खरा वाद आहे तो नक्कल की संदर्भ असा. केंद्राच्या प्लॅनची नक्कल करून घेतली, तर कारखान्याला आपल्या परिस्थितीप्रमाणे पायऱ्या बदलता येतात. पण पुढे अपघातानंतर वीजप्रवाह तोडून कुलूप लावण्याची पायरी केंद्राने सुधारली, तर ती सुधारणा नकलांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. थेट संदर्भ ठेवला तर सुधारणा सर्वत्र पोहोचते, पण एका कारखान्यात नसलेल्या क्रेनची पायरीही सर्वत्र पोहोचते. काही जण सुरक्षिततेच्या पायऱ्या संदर्भाने आणि बाकीच्या नकलेने ठेवतात.

कायदा आणि कर

पातळ्यांचा आराखडा बहुधा अभियंते आणि संगणक विभाग करतात. त्यात हिशेबनीस उशिरा येतात आणि आले की आराखडा हलतो. मॅक्सिमोत एका ऑर्गनायझेशनचे मूळ चलन एकच असते, म्हणून दोन देशांतील कारखाने सहसा दोन ऑर्गनायझेशन होतात. एकाच देशात वेगळ्या नोंदणीकृत कंपन्या असतील, तर प्रत्येकीला ऑर्गनायझेशन द्यावे की सर्वांना एकातच साइट म्हणून ठेवावे, यावर मते भिन्न आहेत. पहिल्या पद्धतीत हिशेब स्वच्छ राहतो, पण याद्या दुप्पट होतात. दुसरीत याद्या एक राहतात, पण खाती वेगळी करण्याचे काम बाहेर करावे लागते.

भारतात याला जीएसटीची बाजू आहे. एकाच कंपनीच्या दोन राज्यांतील नोंदण्या कायद्याने वेगळ्या व्यक्ती मानल्या जातात. म्हणून महाराष्ट्रातील कारखान्यातून, म्हणजे २७ ने सुरू होणाऱ्या जीएसटी क्रमांकातून, गुजरातमधील २४ च्या क्रमांकाकडे बेअरिंग पाठवले, तर पैशांची देवाणघेवाण नसली तरी तो करपात्र पुरवठा ठरतो आणि टॅक्स इन्व्हॉइस लागते. त्याच राज्यात, त्याच नोंदणीखाली हलवले तर डिलिव्हरी चलान पुरते. आता पाहा. बेअरिंगांचा ८४८२ हा एचएसएन कोड वस्तूचा गुण आहे, तो सामायिक यादीत शोभतो. जीएसटी क्रमांक मात्र राज्याचा आहे आणि ‘राज्य’ ही पातळी ऑर्गनायझेशन-साइटच्या उतरंडीत मुळात नाही. सॅपने भारतासाठी कंपनी कोडाखाली ‘बिझनेस प्लेस’ ही वेगळी सोय ठेवली आहे. इतरत्र हे काम साइटवर जादा रकाने जोडून किंवा हिशेबाच्या प्रणालीवर सोपवून भागवले जाते.

बदलाचा हक्क कोणाचा?

पातळी ठरली तरी त्या पातळीवरची नोंद बदलण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न उरतो. एका पद्धतीत केंद्रात छोटा मास्टर-डेटा गट असतो आणि प्रत्येक नवा कोड त्याच्या मंजुरीने निघतो. शिस्त राहते, पण कामाचा ढीग साचतो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक कारखान्यातील एका-दोघांना प्रशिक्षण देऊन हक्क दिला जातो आणि केंद्र नंतर तपासते. वेग राहतो, पण तपासणी मागे पडली की दुहेरी नोंदी पुन्हा वाढतात. तातडीसाठी तात्पुरता कोड देऊन ठरावीक मुदतीत तो नियमित करण्याची रीतही आहे. मुदत संपल्यावर तो कोड खरोखर बंद होतो का, यावर तिचे यश अवलंबून असते.

मानकांनीही या बाजूकडे लक्ष वळवले आहे. मालमत्ता-व्यवस्थापनाच्या आयएसओ ५५००० मालिकेत २०२४ मध्ये माहितीच्या व्यवस्थापनावर मार्गदर्शन करणारा ५५०१३ हा स्वतंत्र भाग आला. माहितीला मालमत्तेसारखी जबाबदारी नेमून द्यावी, हा त्याचा रोख. पण कोणती यादी कोणत्या पातळीवर ठेवावी, हे कोणतेही मानक सांगत नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न परतीच्या वाटेचा. ऑर्गनायझेशन सक्रिय झाले, व्यवहार सुरू झाले, की मूळ चलन किंवा आयटम सेट सहजी बदलता येत नाही. याउलट कंपन्यांची रचना बदलतच राहते. एखादा विभाग विकला, तर सामायिक यादीतून त्याचा वाटा वेगळा कसा काढायचा? नवा कारखाना विकत घेतला, तर त्याची वीस वर्षांची यादी आपल्या सेटमध्ये कशी मिसळायची? यंत्र एका साइटवरून दुसरीकडे नेले तरी मॅक्सिमो जुनी नोंद सेवामुक्त करून नव्या साइटवर नवी नोंद करते, दोन्हींना बांधणारा एक अंतर्गत क्रमांक तेवढा कायम राहतो. यंत्राचा पूर्ण इतिहास एकत्र वाचायचा तर अहवाल तसा मुद्दाम लिहावा लागतो.

दुसरा प्रश्न फायद्याच्या मोजमापाचा. यादी साफ केल्यावर किती दुहेरी नोंदी गेल्या हे लगेच मोजता येते. त्या पुन्हा किती वेगाने येतात आणि केंद्रीय मंजुरीमुळे किती तास यंत्र थांबले, हे क्वचितच त्याच तक्त्यात मांडले जाते. त्यामुळे दोन्ही बाजू आपापले आकडे दाखवतात आणि ते एकमेकांना भिडत नाहीत.

तिसरा प्रश्न नव्या तंत्राचा. वर्क ऑर्डरवरील मोकळा मजकूर वाचून बिघाडाचा कोड सुचवणारी साधने आता आली आहेत. आपल्याकडे असा मजकूर ‘बेअरिंग आवाज करत होते, ग्रीस मारले, ओके’ अशा मराठी-हिंदी-इंग्रजी मिश्रणात, बहुतेकदा रोमन लिपीत असतो. काहींच्या मते ही साधने पुरेशी सुधारली की फिटरला कोड निवडायलाच नको, सामायिक वर्गवारी नंतर लावता येईल. इतरांचा मुद्दा असा, की साधनाला शिकवायला आधी नीट कोड लावलेला इतिहास लागतो आणि तो जिथे नाही तिथे साधनही ‘इतर’च सुचवेल.

चौथी बाब वेळेची. सॅपच्या जुन्या ईसीसी प्रणालीला मुख्य सपोर्ट २०२७ अखेरपर्यंत आहे आणि मॅक्सिमोचे जुने ग्राहक ७.६ वरून नव्या अॅप्लिकेशन सूटकडे सरकत आहेत. स्थलांतराच्या या काळात पातळ्या नव्याने ठरवण्याची संधी पुन्हा आली आहे. मात्र मुदतीच्या दबावाखाली जुनी रचना जशीच्या तशी उचलून नेण्याकडे कल असतो. आधी साफसफाई की आधी स्थलांतर, यावर व्यवहारात अजून एकमत नाही.

आजची स्थिती

सामायिक ठेवावे की नाही, हा मूळ वाद आता बराचसा मागे पडला आहे. वस्तूची ओळख, सुरक्षिततेच्या पायऱ्या आणि वर्गवारीचा सांगाडा वरच्या पातळीवर, तर साठा, वेळापत्रक आणि यंत्राचा इतिहास कारखान्यात, एवढ्यावर तिन्ही भूमिकांचे लोक आज सहसा सहमत होतात. मतभेद उरले आहेत ते मधल्या पट्ट्यात, म्हणजे बिघाडाचे कोड, जॉब प्लॅनचा तपशील आणि पुरवठादार यांबाबत. या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. नोंद ठरवतो एक, तिचे परिणाम भोगतो दुसरा आणि ती रोज भरतो तिसराच. पातळी सॉफ्टवेअरमध्ये एकदाच निवडावी लागते, या तिघांमधली वाटणी मात्र दर वर्षी बदलू शकते. म्हणून आराखडा मंजूर करताना प्रत्येक यादीपुढे तिची पातळी लिहिली जाते, तसे तिन्ही माणसांचे हुद्देही लिहिलेले असावेत. ते लिहिता येत नसतील, तर ती यादी सामायिक करण्याची वेळ अजून आलेली नाही असे समजायला हरकत नाही.